शेवटच्या रकान्यापासून

तुम्ही आमच्या प्रेमाला घोटाळा म्हणालात.

तोंडाने नाही... तोंडाने म्हणायला समोर यावं लागतं. कागदावर म्हणालात. वर विद्यापीठाचा शिक्का, मध्ये पाच प्रश्न, आणि खाली सहीच्या जागी पेनाने ओढलेलं एक शेपूट. शेपटाखाली छापलंय — सक्षम अधिकारी. नाव नाही. आणि पत्र कोणाला? 'सहभागी क्रमांक ७, चॉइस सेंटर, गुढियारी, रायपूर.' म्हणजे नाव मलाही नाही. बरं जमलं आपलं.

पत्रात लिहिलंय, की भार्गवने सॉफ्टवेअरवर जी पीएचडी केली, तिचा तुम्ही सन्मान केलात; पण त्याने भर सभेत सहभागी क्रमांक सातबद्दल 'वैयक्तिक भावना' बोलून दाखवल्या, तेव्हा तो सन्मान परत का घेऊ नये? पंधरा दिवसांत उत्तर द्या.

देते. पण मी कुठलाही अर्ज शेवटच्या रकान्यापासून भरते. आणि मराठीत लिहिते आहे. तुमच्याकडे कोणीतरी वाचणारा असेलच.

पाचवा प्रश्न — 'इतर काही सांगायचे असल्यास.' त्याला तुम्ही दोन ओळी जागा सोडली आहे. साहेब, माझं सगळं त्या दोन ओळींतच आहे. कागद जोडते.

चार वर्षांपूर्वीचा नवतपा होता. मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत रायपूरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. माझ्या सेंटरमध्ये कूलर घरघरत होता, खसाचा ओला वास पसरला होता. मी दाखले काढते, आधारची कामं करते, पेन्शनचे अर्ज भरते. मालधक्क्यावरचे हमाल, त्यांच्या बायका, सगळे माझ्याकडे. बारावीनंतर मला कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही. चुकत गेले, शिकत गेले.

दारात एक पोट्टा उभा. चष्म्यावर घाम, खांद्यावर बॅग, हातात मूलनिवासी प्रमाणपत्राचा, म्हणजे रहिवासी दाखल्याचा, अर्ज — तीनदा परत आलेला.

"दीदी, ये फॉर्म..."

"दीदी म्हणू नको. काय करतो?"

"पीएचडी. कंप्यूटर में."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. "कंप्युटरमध्ये पीएचडी, आन् फॉर्म भरता येत नाही?"

"फॉर्म ही ग़लत बना है," तो चिडून म्हणाला. चिडला की त्याचे कान लाल होतात. ते मी पहिल्या मिनिटातच पाहिलं होतं, हे आज कबूल करते.

"बस. घरासमोर काय आहे तुझ्या?"

"जी?"

"घरासमोर. मंदिर, दुकान, खांब... काहीतरी असंल ना."

"हनुमान मंदिर. बाजू में एक दर्जी. पर ये तो सबसे आख़िरी कॉलम है!"

"मी तिथूनच सुरू करते. पहिले नाव विचारलं का माणूस घाबरते. पोलीसवाला पहिले नावच विचारते, दवाखान्यातबी पहिले नाव. घरासमोर काय आहे विचारलं तं माणूस घरी जाऊन पोहोचते. मंग बोलते."

त्याने चष्मा पुसला. मग हळूच — "आप मराठी हैं?"

"मंग? तू?"

"हाँ, ब्राह्मणपारा के मराठी. समझता हूँ पूरा... बोलता नहीं."

"समजते तं बोलाले काय दात दुखते?"

तेवढ्यात नत्थूकाका आले. मालधक्क्यावरचे जुने हमाल, गाव अभनपूरकडचं. पेन्शनचा अर्ज दोनदा रद्द झालेला. स्क्रीनसमोर बसवलं की काका जन्मतारखेलाच अडकायचे, आणि अडकलं की स्क्रीन थोडा वेळ वाट पाहायची, मग 'समय समाप्त' म्हणून सगळं पुसून टाकायची. मी त्यांना गावाचं तळं विचारलं. मग तळ्याकाठच्या बाभळी कोणी तोडल्या ते. मग लग्न कधी, तेव्हा मिशी फुटली होती का. काका हसले. पाठकोऱ्या कागदावर मी लिहीत गेले. वय निघालं, साल निघालं. शेवटी नाव विचारलं, तेव्हा काका ताठ बसले आणि बापाच्या नावासकट असं खणखणीत सांगितलं, की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मग मी सगळं एका दमात टाइप केलं. अर्ज गेला.

वळून पाहते तर भार्गव उभाच. कूलरचे थेंब चष्म्यावर उडत होते, त्याला पुसायचंही भान नव्हतं.

"ये जो आप कर रही हैं... ये किसी ने लिखा ही नहीं."

"त्यात लिहायचं काय?"

"मशीन सबसे एक ही क्रम में पूछती है. आदमी को बदलना पड़ता है. मशीन क्यों नहीं बदलती?"

"तं शिकव तिले."

साहेब, ज्या संशोधनाला तुम्ही शाल पांघरली, त्याची सुरुवात ही अशी झाली. समोर कूलर, मध्ये नत्थूकाका, आणि चष्म्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. संमतीपत्र. शहरातल्या सहा सेंटरांत जाऊन आला होता, माझं सातवं. "आपका नाम कहीं नहीं आएगा," तो अभिमानाने म्हणाला, जणू सोन्याचा दागिना देतोय. मी सही केली. तेव्हापासून तो मला 'सात नंबर' म्हणायला लागला, आणि मी त्याला 'तीनदा परत'.

सात महिने तो माझ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. वही मांडीवर. मी कोणाला काय विचारते, कुठे थांबते, कोण कशाने खुलतं... सगळं लिहायचा. कधी अर्धा डबा माझ्यासमोर सरकवायचा; वर बेसनाची कुरकुरीत ठेठरी, खाली त्याच्या आईच्या हातचं वांगं. मी वांगं खायचे, ठेठरी त्याच्यासाठी ठेवायचे. हे कोणी ठरवलं नव्हतं.

मी एकच नियम केला — चारनंतर हिंदी बंद.

"अरे, फिर मैं बोलूँगा क्या?"

"ते तुह्यं तू पाह्य."

चार वाजले की बिचारा मुका व्हायचा. भुवईने चहा मागायचा, बोटांनी स्टेपलर. एक दिवस मला दया आली. "बरं, 'हव' चालते. हव सगळ्या रायपूरचं आहे."

मग काय... आमच्या संध्याकाळी त्या एका शब्दावर चालायला लागल्या.

"चहा घेशील?"

"हव."

"साखर कमी?"

"हव."

"उद्या येशील?"

"...हव."

त्या शेवटच्या 'हव'ला जरा वेळ लागायचा. मी त्या वेळासाठीच विचारायचे.

बाबांनी ओळखलं. बाबा मालधक्क्यावरच नोकरी करून निवृत्त झाले. गाडीचा आवाज ऐकून डबे किती ते सांगतात. एका दुपारी लाइट गेली होती, ते डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. माझ्या कानाशी म्हणाले —

"काहून वो पोट्टे, थो कंप्युटरले पाहून राहिला का तुले?"

"कंप्युटरले, बाबा."

"कंप्युटर तं बंद हाये."

डिसेंबरात त्याने पहिल्यांदा टॅब आणला. त्यात ते सॉफ्टवेअर. नत्थूकाकांची बायको कमलाबाई समोर बसली. टॅबने तिला तिच्या बोलीत पहिला प्रश्न विचारला, तुमच्या घरासमोर काय आहे? कमलाबाई दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. लिमाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड आहे म्हणाली. पुढचा प्रश्न झाडावरून आला. ती अडखळली तिथे स्क्रीन थांबली, काही पुसलं नाही, दुसऱ्या बाजूने विचारलं. नाव सगळ्यात शेवटी. अर्ज एका फटक्यात गेला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. माझ्या हातात स्टेपलर होता, आणि मी काय केलं तर त्याची वहीच चारी बाजूंनी पिना मारून बंद करून टाकली! दोघं बसून पिना काढत होतो. बोटाला बोट लागलं... आणि त्याने हात मागे घेतला. साहेब, हे नीट वाचा. त्याने हात मागे घेतला. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, तुमच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, संशोधकाने सहभागीपासून अंतर ठेवावं. तो पोट्टा पिना काढतानाही तुमचा नियम पाळत होता.

शेवटचा दिवस. साडेचार वाजलेले. त्याने बॅग भरली.

"डाटा पूरा हो गया," तो म्हणाला.

"चारनंतर हिंदी बंद."

तो उभा राहिला. ओठ हलले, कान लाल झाले. मी वाट पाहिली. स्क्रीनपेक्षा जास्त पाहिली. आणि शेवटी, मी काही विचारलेलं नसताना, तो म्हणाला — "हव."

आणि गेला.

कशाला हव? ते विचारायला मी रस्त्यावर धावत गेले नाही. माझाही तोरा होता. स्टूल मात्र तिथून हलवलं नाही. गिऱ्हाईक बसायला लागलं तर म्हणायचे, पाय मोडका आहे.

दीड वर्षाने पोस्टाने प्रबंध आला. जाडजूड, काळ्या बांधणीचा. निकालाच्या यादीत शोधावं तसं मी त्यात माझं नाव शोधलं. नव्हतं. 'सहभागी सातच्या म्हणण्यानुसार', 'सहभागी सातच्या पद्धतीनुसार'... पानापानावर मी होते आणि कुठेच नव्हते. त्याचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "रॉंग नंबर. सात नंबर पाहिजे तं पुस्तकात पाह्य." आणि ठेवून दिला. एकदा तो सेंटरवरही आला. मी शटर ओढलं. आतून त्याची चप्पल दिसत होती, बराच वेळ. मी चूक होते का? अर्धी. सही मीच केली होती. पण तो तरी... दागिना दिल्यासारखं करून माणसाचं नाव काढून घेतं का कोणी?

त्यानंतर यंदाचं तुमचं कार्ड. सन्मान समारोह. पाकिटावर पुन्हा सहभागी क्रमांक ७. मी जाणार नव्हते. बाबांनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली, मग माझ्या ओढणीला केली, मग म्हणाले, "चाल."

तुम्ही त्याला शाल दिली, श्रीफळ दिलं. तुमच्यापैकी कोणीतरी वाचलं, 'केवळ एकट्याच्या प्रतिभेने'. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने माइक धरला आणि हॉलच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. तो इतका वेळ पाहत राहिला, की लोकांनीही माना वळवल्या.

"चार... चार वाजून गेले," तो म्हणाला. "म्हणून मराठीत बोलतो."

मी खुर्चीचा हात सोडला.

"हे एकट्याचं काम नाही. याची पहिली ओळ एका पाठकोऱ्या कागदावर होती. सात नंबरच्या हातची. नाव सांगायला मनाई आहे... सही मीच घेतली होती. मी समजलो, नाव लपवलं की माणूस सांभाळला. तसं नसते." तो थांबला. पुढच्या शब्दासाठी त्याला फार लांब जावं लागत होतं, तिथपर्यंत जाऊन तो परत आला. "मशीनला थांबायला शिकवलं मी. स्वतः मात्र... जास्तच थांबलो. सात नंबर इथे असेल, तर मले तिले एक प्रश्न विचारायचा आहे. शेवटचा."

हॉल हसला, टाळ्या वाजल्या. बाबा माझ्याकडे झुकले. "आता तं कंप्युटर कुठंच नाही वो."

मी उठून निघून आले. रडताना मी चांगली दिसत नाही.

आठ दिवसांनी तुमचं पत्र. त्याच दुपारी तो दारात, हातात त्याला आलेलं पत्र, तेच पाच प्रश्न. तोच घाम, तोच चष्मा.

"दीदी, एक फॉर्म भरायचा होता."

"दीदी म्हणू नको." मी स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस."

तो स्टुलापाशी थबकला. "पाय मोडका आहे म्हणतात."

"तुह्यासाठी नाही. आन् चार वाजले नाहीत अजून, हिंदी चालते."

"नको."

त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. त्याच्या मार्गदर्शक नीलिमा मॅडमनी सांगितलं होतं, तीन नंबरला, 'सहभागीशी वैयक्तिक संबंध आहेत काय', तिथे 'नाही' लिही, विषय संपला, सन्मान वाचला.

"'नाही' खोटं पण नाही," तो म्हणाला. "सात महिन्यांत मी तुला तसा एक शब्द बोललो नाही."

"मंग लिही नाही."

"लिहिलं की कागदावर कायमचं 'नाही' होईल. सही करून." त्याचे कान लाल झाले. "तुला आधीच एकदा कागदावरून पुसलं मी. दुसऱ्यांदा नाही पुसणार."

कूलर घरघरत होता. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"काय होता तुह्या शेवटचा प्रश्न?"

"लग्न करशील?"

"हे असं... एकदम?"

"तूच शिकवलं. शेवटून सुरू कर, माणूस घाबरत नाही."

"माणूस घाबरते, भार्गव." त्याच्या नावाने मी त्याला पहिल्यांदा हाक मारली. "आईले सांगितलं?"

"हव."

"माह्यं आडनाव सांगितलं?"

या प्रश्नाला वेळ लागला. लागायलाच हवा होता. मी गाव विचारते तेव्हा माणूस खुलतो. पण आमच्या या रायपुरातल्या मराठी घरांत गाव आणि आडनाव विचारतात ते दार किती उघडायचं हे ठरवायला. ब्राह्मणपाऱ्यात माझ्या आडनावाला उंबऱ्याबाहेर पाणी मिळालेलं माझ्या आजोबांना आठवायचं.

"सांगितलं," तो म्हणाला. "दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, वांगं तीच खायची का माझ्या डब्यातलं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. चारला सात मिनिटं.

"सात मिनिटं थांब," मी म्हटलं.

तो थांबला. मालगाडी गेली, बाबा असते तर डबे सांगितले असते. तो माझ्याकडे पाहत होता, मी घड्याळाकडे पाहायचं सोंग करत होते. काटा बारावर आला.

"हव," मी म्हटलं.

आणि त्याने, पेन माझ्या हातातून घेऊन, तीन नंबरच्या रकान्यात लिहिलं: अभ्यासाच्या काळात — नाही. आता — हव.

"सन्मान जाईल," तो म्हणाला. "जाऊ दे."

"काहून जाऊ द्यायचा? मेहनत केली ना! तू गप बस. मी लिहिते."

तर साहेब, पाचव्याचं उत्तर झालं. आता वर चढते.

चौथा. निष्कर्षांवर परिणाम झाला काय? कमलाबाईचा अर्ज पहिल्या फटक्यात गेला, तीही प्रेमात होती का? होती तर नत्थूकाकांना कळवा, खुश होतील. तुमच्याच अहवालात लिहिलंय, की उरलेल्या सहा सेंटरांतही रद्द होणारे अर्ज निम्म्याने कमी झाले. तिथे तर त्याने कोणासमोर अर्धा डबा सरकवला नव्हता. माणसाकडे नीट पाहिलं, म्हणून त्याला ते सापडलं. नीट पाहण्याला तुम्ही दोष म्हणत असाल, तर न पाहणाऱ्यांचा सन्मान करा, पुष्कळ मिळतील.

तिसरा. त्याने लिहिलंय तेच. माझ्याकडून एवढंच, की बोललो नव्हतो, पण नव्हतंच असं मी म्हणणार नाही. मनात काय असावं याचं संमतीपत्र तुम्ही मागितलं नव्हतं.

दुसरा. ओळख कशी झाली ते वर आलंय. तारीख आठवत नाही. नवतपा होता.

शाल परत पाहिजे तर माणूस पाठवा, घडी करून ठेवली आहे. श्रीफळ मात्र आम्ही फोडून खाल्लं. बाबांना मोठा तुकडा दिला.

आता पहिला प्रश्न. सहभागीचे नाव. हा मी शेवटी विचारते, कारण तोवर माणूस ताठ बसलेला असतो. मी बसलेय.

शर्मिष्ठा बंडू गोंडाणे.

नाव लपवायची संमती आजपासून मागे घेते. छापा. प्रबंधात, अहवालात, जिथे जिथे सात आहे तिथे तिथे.

माझा अर्ज भरून झाला. आता तुमचा. घाबरू नका, मी शेवटून विचारते, आणि उत्तर येईपर्यंत काही पुसत नाही. तुमच्या घरासमोर काय आहे? तिथून कोणी कधी तुमची वाट पाहिली होती का? तुम्ही वेळेत पोहोचलात? आणि ज्या शेपटाखाली तुम्ही लपला आहात, ते जरा बाजूला करून, ताठ बसून, बापाच्या नावासकट सांगा —

नाव काय तुमचं?